खिडक्या झाल्या, ओटा राहिला

नालासोपाऱ्यातल्या एका हार्डवेअर व्यापाऱ्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्याकडे ‘उद्यम’ नोंदणीचे प्रमाणपत्र आहे, गल्ल्याच्या मागे फ्रेम करून लावलेले. एका बिल्डरने त्यांचे पैसे आठ महिने थकवले होते. ‘लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे ना? मग मला तो लागू नाही असं का सांगतात?’

उत्तर आहे, आणि ते सरकारी कागदावर स्वच्छ लिहिलेले आहे. २ जुलै २०२१ रोजी केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली केली, पण लाभ एकच दिला. बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जाला ते पात्र झाले. थकलेल्या बिलांचे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, तयार माल आणून विकणाऱ्याला नाही. ज्या माणसाने पैसे घेऊन त्यांची नोंदणी करून दिली, त्याने हे सांगितले नव्हते. त्या बाजारपेठेत अशी फ्रेम लावलेली आणखी कितीतरी दुकाने आहेत आणि तिथे हाच गैरसमज आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारने उद्योग-व्यवसायांसाठी ज्या ऑनलाइन व्यवस्था उभ्या केल्या, त्यांचा आढावा वसई-विरारमध्ये बसून घ्यायचा तर मला याच प्रश्नापासून सुरुवात करावीशी वाटते. अर्ज भरायला खिडक्या पुष्कळ झाल्या. एकाच्या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशी जागा मात्र झाली नाही.

वसई हे त्यासाठी उदाहरण म्हणून फार चांगले आहे. इथल्या औद्योगिक पट्ट्याला एमआयडीसी नाही, हे बाहेरच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. जिल्ह्यातली मोठी सरकारी औद्योगिक वसाहत तारापूरची, बोईसरजवळ. तिथे भूखंड, रस्ता, पाणी या सगळ्यांसाठी एक धनी आहे. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार, कामण, नवघर असा जो पट्टा पसरला तो खासगी जमीनमालकांनी गाळे बांधून आणि गवराईपाड्यासारख्या ठिकाणी सहकारी औद्योगिक वसाहतींनी उभा केला. मुंबईत जागा परवडेना तेव्हा प्लास्टिक मोल्डिंग, पॅकिंग, डाय बनवणे, सुटे भाग, जॉबवर्क करणारी छोटी माणसे इथे आली. १९९० पासून नियोजनाचे अधिकार सिडकोकडे होते. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली आणि २०१० मध्ये ते अधिकार तिच्याकडे आले. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर जिल्हा उद्योग केंद्राचे काम निघाले की ठाणे गाठावे लागे.

या तारखा इतिहासापुरत्या नाहीत. नव्वदच्या दशकात बांधलेला एखादा गाळा घ्या. त्याची बांधकाम परवानगी सिडकोची, जुनी घरपट्टी ग्रामपंचायतीची, नवी महापालिकेची, जुनी उद्योग नोंदणी ठाणे जिल्ह्याची आणि वीजबिलावरचे नाव तिसऱ्याच कुणाचे. त्यावर आजचा चालक लीव्ह अँड लायसन्सवर बसलेला. पोर्टल पत्ता एकच मागते, आणि त्याच्याकडे एकाच जागेचे चार पत्ते असतात. ‘कागदपत्र जुळत नाही’ एवढा शेरा येऊन अर्ज परत फिरतो. शेजारच्या गाळेधारकाने हीच अडचण सहा महिन्यांपूर्वी सोडवलेली असते, पण ती कशी सोडवली हे कुठेही नोंदलेले नसते.

आता जे झाले ते नीट सांगायला हवे, कारण त्यातले बरेच खरोखर चांगले आहे. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ सालची. त्या काळात लघुउद्योगाची आधी तात्पुरती नोंदणी, मग पाहणी, मग कायम नोंदणी. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ती जाऊन उद्योजक ज्ञापन आले. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘उद्योग आधार’ आला, एका पानाचे स्वयंघोषणापत्र. १ जुलै २०२०पासून ‘उद्यम’ आले, तेही विनामूल्य आणि कागद न जोडता. पॅन आणि जीएसटी क्रमांकावरून गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे ते स्वतःच उचलते. ज्यांच्याकडे जीएसटी नाही अशा अगदी छोट्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये ‘उद्यम असिस्ट’ सुरू झाले. नालासोपारा-विरारच्या चाळींतून इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणाऱ्या, घरी काम नेणाऱ्या बायकांना व्यवसाय म्हणून कागदावर येण्याचा हा सोपा रस्ता आहे. २०२४ अखेर देशभरात या दोन्ही मिळून साडेपाच कोटींच्या वर नोंदण्या झाल्या होत्या, आणि उद्यम नोंदणीत महाराष्ट्र आघाडीवर राहिला. १ एप्रिल २०२५पासून व्याख्याही रुंदावली: अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग आता सूक्ष्म गणला जातो.

ठाण्याला खेटे घालणाऱ्या पिढीला याची किंमत कळते. तरीही मी विचारले त्यातल्या बहुतेकांनी ही फुकटची नोंदणी पैसे देऊन करून घेतली होती. इंटरनेटवर शोध घेतला की सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे समोर येतात, तसाच तिरंगी पट्टा, तसाच फॉर्म, आणि शेवटी शुल्क. मंत्रालय याबाबत सावध करत आले आहे. पण ती सूचना मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि माणूस चुकतो तो तिथे पोहोचण्याच्या आधी.

दुकानांच्या बाबतीतही तसेच. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीची गरज ठेवली नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. बाजारात मात्र अजून ‘गुमास्ता काढून देतो’ अशा पाट्या आहेत आणि लोक तो काढतात. लोकसेवा हक्क कायदा २०१५ने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत घालून दिली, ‘आपले सरकार’वर अर्ज आणि अपील दोन्ही ठेवले. दोन अपिले खात्यातच आणि तिसरे आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. गाळेधारकाच्या हातातले हे उत्तम हत्यार आहे. वापरणारे थोडे, कारण अपील करता येते हेच अनेकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असणाऱ्याला उद्या पुन्हा त्याच टेबलापुढे उभे राहायचे असते.

यातली दुसरी गोष्ट, ही भीती, मोठी आहे. ती समजून घ्यायची तर थकलेल्या पैशांच्या प्रश्नाकडे यायला हवे.

छोट्या उद्योगाला मारतो तो अडकलेला पैसा. पगार शनिवारी, गाळ्याचे भाडे महिन्याच्या पाच तारखेला, कच्चा माल रोख, आणि पार्टीचे पेमेंट नव्वद दिवसांनी, कधी दीडशे. २००६च्या कायद्याने यावर काय करून ठेवले आहे ते वाचले की आपला कायदा किती कणखर आहे हे जाणवते. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. हा वाद राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे नेता येतो. परिषदेचा निवाडा खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ३० ऑक्टोबर २०१७पासून ‘समाधान’ या पोर्टलवर ही तक्रार घरबसल्या करता येते, आणि जून २०२५ मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाची सोयही आली.

मग वालीवचा मोल्डिंगवाला तक्रार का करत नाही? त्याचे उत्तर दोन शब्दांचे असते: पार्टी तुटेल. त्याचा सत्तर टक्के माल एकच कंपनी घेते. तक्रारीवर त्याचे नाव, त्याचा उद्यम क्रमांक, त्याचे बिल. उद्या ते काम शेजारच्या गाळ्यात जाईल, हे त्याला पक्के माहीत आहे.

आयकर कायद्याच्या कलम ४३बीमध्ये नवी तरतूद आली तेव्हा तक्रारीविना काम होईल अशी आशा होती. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू झाले. मार्च २०२४ मध्ये कित्येकांचे जुने पैसे खरेच सुटले. पण काही खरेदीदारांनी पुरवठादारांना नोंदणी रद्द करायला सांगितल्याच्या, काम नोंदणी नसलेल्यांकडे वळवल्याच्या तक्रारीही देशभरातून आल्या. दुसरा उपाय ‘ट्रेड्स’. ही बिले वटवण्याची ऑनलाइन व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. तिथे बिल चढवले की बँका बोली लावतात, पैसे दोन-तीन दिवसांत मिळतात, आणि खरेदीदार बुडाला तर बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. मोठ्या कंपन्यांना त्यावर येण्याची सक्ती आधी ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला होती, ती नोव्हेंबर २०२४च्या आदेशाने २५० कोटींवर आणली. पण बिल पुढे सरकायला खरेदीदाराने ते मान्य करावे लागते. चावी पुन्हा त्याच्याच हातात.

इथे एकेकट्याला दिलेली खिडकी अपुरी पडते, हे मला सगळ्यांत ठळक दिसते. एकाच कंपनीने गोखिवऱ्यातल्या वीस गाळ्यांचे पैसे थकवले असतील, तर वीसही जण ते आपले खासगी दुखणे समजून गप्प राहतात. ते वीस जण एकमेकांना दिसले तरी निम्मी भीती जाईल. संघटनेच्या नावाने एकत्रित माहिती देता आली, कोणत्या खरेदीदाराविरुद्ध किती निवाडे झाले हे जिल्ह्यापुरते एका ठिकाणी वाचता आले, तर नवा पुरवठादार माल पाठवण्याआधीच सावध होईल. कायदा त्याच्या बाजूचा आहे. त्याला फक्त एकटेपणा नडतो.

आता बाकीच्या व्यवस्था. सरकारी खरेदीचे ‘जेम’ हे पोर्टल ऑगस्ट २०१६ पासून आहे, आणि केंद्र सरकारच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे. वसईत त्याचा फायदा घेणारे आहेत, पण थोडे. ऑनलाइन खरेदी-विक्रीचे खुले जाळे ‘ओएनडीसी’ डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी म्हणून नोंदले गेले. त्याबद्दल इथे अजून सांगण्यासारखे फारसे घडलेले नाही. राज्याचा परवानग्यांसाठीचा ‘मैत्री’ कक्ष आणि २०२३चा त्याचा कायदा चांगला आहे. खात्याने मुदतीत निर्णय दिला नाही तर प्रकरण वरच्या समितीकडे नेता येते. पण त्याची रचना नवी गुंतवणूक आणणाऱ्याच्या सोयीची आहे. जुन्या गाळ्यात दोन मशीन वाढवणाऱ्याला, वाढीव वीजभार मागणाऱ्याला त्याची वाट अजून सापडलेली नाही. आणि काही पोर्टले येऊन गेली. टाळेबंदीनंतर जुलै २०२० मध्ये ‘महाजॉब्स’ आले तेव्हा परप्रांतीय कामगार गावी गेलेले होते आणि वसईच्या गाळ्यांना माणसे हवी होती. गरज खरी होती, पण ती पोर्टलने भागली असे सांगणारा गाळेधारक मला भेटला नाही.

मग लोक विचारतात कुठे? व्हॉट्सॲपच्या गटात. वसाहतीचा गट, गल्लीचा गट, जॉबवर्कवाल्यांचा गट. फेज गेली, टँकर येणार का, ई-वे बिल चुकले तर काय करायचे, अग्निशमनाचा दाखला कोणाला मिळाला, अशी विचारणा दिवसभर चालू असते आणि बहुतेक वेळा कुणीतरी मदतीला येते. १० जुलै २०१८ला वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वीज तोडावी लागली. त्या दिवसांत कुठल्या रस्त्याने टेम्पो निघेल, कुणाकडे पंप आहे, विम्याच्या पाहणीसाठी फोटो कसे काढून ठेवायचे, हे लोकांनी एकमेकांनाच सांगितले. ही खरी सेवा आहे. तिच्यातली उणीवही तितकीच खरी. गटात जुना शासन निर्णय नवा म्हणून फिरतो, एजंटाची जाहिरात सल्ल्याच्या रूपात येते, बरोबर उत्तर चार तासांत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडले जाते, आणि चुकीचे उत्तर देणाऱ्यावर कुठलीच जबाबदारी नसते. बहुतेक गटांत परप्रांतीय कारागीर-मालक आणि घरून काम करणाऱ्या बायका नसतातच.

सरकारलाही व्हॉट्सॲपचे महत्त्व कळले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याने मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा त्यावर आणायचे ठरवले. १ जून २०२०पासून केंद्राचे ‘चॅम्पियन्स’ हे तक्रार आणि मार्गदर्शनाचे व्यासपीठ आहे. दोन्हींचा साचा एकच: एक माणूस, एक प्रश्न, एक उत्तर. ते उत्तर दुसऱ्या कोणाच्या कामी येत नाही. दहा हजार जणांनी एकच प्रश्न विचारला तर दहा हजार वेळा उत्तर द्यायचे.

वेगळा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने २००९ साली ‘बिझनेस डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर छोट्या व्यावसायिकांना एकमेकांशी आणि अधिकाऱ्यांशी उघडपणे बोलता येईल अशी जागा सुरू केली. प्रश्नही सगळ्यांसमोर, उत्तरही. पुढे ते संकेतस्थळ प्रशासनाच्या मुख्य संकेतस्थळात विलीन झाले. पण त्याच देशात १९६४पासून ‘स्कोअर’ ही निवृत्त व्यावसायिकांची स्वयंसेवी फळी सरकारी पाठबळावर विनामूल्य सल्ला देते आणि ती टिकली आहे. ब्रिटनमध्ये ‘बिझनेस लिंक’ची स्थानिक सल्ला केंद्रे होती. संकेतस्थळ आहेच म्हणून २०११ मध्ये प्रादेशिक केंद्रे बंद केली आणि २०१२ मध्ये ते संकेतस्थळही मोठ्या सरकारी संकेतस्थळात विरघळले. यातून मी एवढेच घेतो की जागा तंत्रज्ञानाने उघडता येते, पण ती चालती ठेवतात ओळखीची, उत्तर द्यायला बांधलेली माणसे.

ती माणसे आपल्याकडे आहेत. वसई-विरारमध्ये रेल्वे, बँका, मुंबईचे मोठे कारखाने, तारापूरचा अणुवीज प्रकल्प यांतून निवृत्त झालेले शेकडो लोक राहतात. कर, यंत्रे, निर्यात, कामगार कायदा यांची त्यांची जाण आज सोसायटीच्या बागेत फिरते आहे. एकमेकांच्या आधाराने संस्था उभारण्याची या तालुक्याची सवयही जुनी. बॅसिन कॅथलिक बँक १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने इथल्याच लोकांनी सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी काढली, आणि ती आजही उभी आहे.

आणि सरकारी बाजूला एक तयार सांगाडा आहे, ज्याची आठवण फार थोड्यांना असते: जिल्हा उद्योग मित्र समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक. महावितरण, महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कामगार खाते, अग्रणी बँक आणि उद्योजकांच्या संघटना एका टेबलाभोवती बसतात. एका प्रश्नावर चार खात्यांनी एकाच खोलीत उत्तर द्यायचे, ही कल्पना कुठल्याही पोर्टलपेक्षा श्रेष्ठ आहे. पण बैठक पालघरला, कामाच्या दिवशी, आणि इतिवृत्त सदस्यांपर्यंत. सातिवलीतला आठ माणसांचा गाळा त्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला नवे ॲप लागत नाही. समितीची विषयपत्रिका आठ दिवस आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यावी आणि त्यात गाळेधारकाला आपला प्रश्न घालता यावा. बैठक ऑनलाइन ऐकता यावी. प्रत्येक प्रश्नाखाली कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाच्या आधारे काय उत्तर दिले हे कायम वाचता यावे. नियम बदलला की जुन्या उत्तरावर तसा शेरा पडावा. थकबाकीचे प्रश्न संघटनेच्या नावाने घेतले जावेत, म्हणजे एकट्याची पार्टी तुटणार नाही. आणि हे सगळे मराठीत. केंद्राची बहुतेक पोर्टले इंग्रजीत आहेत, काही हिंदीत. पण राज्याचा राजभाषा कायदा १९६४चा आहे आणि जिल्ह्याच्या समितीला मराठीत बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. वसईतल्या हिंदी-गुजराती भाषक मालकांना सोप्या मराठीची अडचण होत नाही. त्यांच्या गाळ्यातला रोजचा व्यवहार निम्मा मराठीतच चालतो.

वसई-विरारमध्ये तुमचा गाळा, दुकान किंवा घरगुती काम असेल तर एवढे करा. जिल्हा उद्योग केंद्राला पत्र लिहून उद्योग मित्र समितीची पुढची बैठक केव्हा आहे ते विचारा, मागच्या बैठकीचे इतिवृत्त मागा, आणि आलेले उत्तर तारखेसह आपल्या वसाहतीच्या फलकावर लावा.